कॅनोपीच्या मागच्या कोपऱ्यातला तडा: एक प्रकरण अभ्यास

विमान दोन आसनी, मालकांनी स्वतः बांधलेलं. सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि वर मागे सरकणारी ॲक्रिलिकची कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, जाडी साधारण 5 मिलिमीटर. थंडीतल्या एका सकाळी उड्डाणाआधीच्या तपासणीत उजव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात तडा दिसला. रात्री पारा उणे 5 अंशांपर्यंत उतरला होता. तडा खालच्या कडेपासून सुरू होऊन जवळच्या स्क्रूच्या भोकातून आरपार गेला होता आणि तिथून तिरका वर, पुढच्या दिशेने, कॅनोपीच्या अंगात शिरला होता. कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत 12 मिलिमीटर आणि तिथून पुढे 38, म्हणजे एकूण 50.

मालकांनी त्या दिवशी उड्डाण रद्द केलं आणि विमान हँगरमध्येच ठेवलं. ते माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन: "हा तडा भरायला नेमकं कोणतं चिकटद्रव्य वापरायचं?"

असं प्रकरण कुणीही घेऊन आलं की पहिला प्रश्न हाच असतो. माझ्या मते तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे. तडा का पडला, त्याचं टोक नेमकं कुठे आहे आणि ते पुढे सरकायचं कसं थांबेल, या तिन्हींची उत्तरं मिळाल्यावर सांध्याचं काम उरतं आणि ते त्यामानाने सोपं असतं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते याच क्रमासाठी.

ॲक्रिलिक कसं वागतं

ॲक्रिलिक, म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचं असतं, त्याच्यातून सुमारे 92 टक्के प्रकाश आरपार जातो आणि ते उन्हात लवकर पिवळं पडत नाही. कॅनोपीसाठी याहून सोयीचा पदार्थ सापडणं कठीण. पण त्याचे दोन दोष या प्रकरणाच्या मुळाशी आहेत.

पहिला म्हणजे खाचेपुढे ते हात टेकतं. अखंड पट्टी ओढून तोडायची तर बराच जोर लागतो, पण तिच्यात एकदा तडा गेला की तो रोखण्याची ताकद फार थोडी उरते. विमानाला वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची तड्याला विरोध करण्याची क्षमता ॲक्रिलिकच्या पंचवीस-तीस पट असते. धातू टोकाशी थोडा वाकतो, ताणतो आणि जोर पसरवून घेतो. ॲक्रिलिकला ते जमत नाही, आणि थंडीत तर ते आणखी ठिसूळ होतं.

दुसरा दोष तापमानाचा. एक अंश सेल्सिअसच्या फरकाला ॲक्रिलिक मीटरमागे सुमारे 0.07 मिलिमीटर लांबतं किंवा आकसतं, ॲल्युमिनियम सुमारे 0.023. म्हणजे कॅनोपी आपल्या फ्रेमच्या तिप्पट हलते. ही हालचाल थांबवता येत नाही. तिला जागा ठेवायची एवढंच आपल्या हातात असतं. जागा ठेवली नाही तर हालचालीचा जोर होतो आणि तो जोर सर्वांत कमकुवत ठिकाणी, म्हणजे कडेजवळच्या एखाद्या भोकात, जाऊन बसतो.

उड्डाणातला भार वेगळा. 120 नॉटला, म्हणजे ताशी सुमारे 222 किलोमीटरला, समुद्रसपाटीच्या हवेचा गतिजन्य दाब चौरस मीटरमागे सुमारे 240 किलो भरतो, आणि वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. कॅनोपीच्या फुगीर भागावर हवा खाली दाबत नाही, वर ओढते. त्यामुळे मागच्या कोपऱ्यातला तडा 'डोळ्यांसमोर तर नाही' म्हणून सोडून देता येत नाही. कॅनोपीचा तुकडा निघाला तर तो मागे शेपटाच्याच दिशेने जाणार.

तडा वाचणं

आधी विमानावरून कॅनोपी फ्रेमसकट उतरवली आणि मऊ गादी लावलेल्या घोडीवर उलटी ठेवली. पाण्याची सावकाश धार सोडून धूळ वाहू दिली, मग साबणाच्या सौम्य पाण्याने हातानेच धुतली. कोरड्या फडक्याने धूळ पुसली तर तीच धूळ ओरखडे पाडते.

मग खोलीत अंधार केला आणि टॉर्च कडेला टेकवून प्रकाश ॲक्रिलिकच्या जाडीतून आत सोडला. समोरून पाहताना केसासारखी दिसणारी रेघ या प्रकाशात चांदीच्या पत्र्यासारखी उजळते, कारण तड्याच्या दोन भिंतींमध्ये हवेचा पातळ थर असतो आणि प्रकाश त्याच्यावरून परततो. इथे दोन गोष्टी दिसल्या, ज्या दिवसाच्या उजेडात कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या.

एक, तड्याचं टोक दोन्ही पृष्ठांवर एकाच जागी नव्हतं. बाहेरून मोजलेले 38 मिलिमीटर आतल्या बाजूने 41 होते. तड्याची पुढची कड जाडीतून तिरकी गेली होती आणि आतली बाजू पुढे धावत होती. बाहेरच्या खुणेवर विसंबून भोक पाडलं असतं तर आतलं टोक भोकाच्या पलीकडे मोकळंच राहिलं असतं. म्हणून टोक नेहमी दोन्ही बाजूंनी, टॉर्चचा कोन बदलत शोधायचं आणि त्यातलं जे पुढे असेल ते खरं धरायचं.

दोन, भोकाजवळच्या भागात तड्याच्या भिंती दुधाळ दिसत होत्या. चौकशी केली तेव्हा कळलं की काही आठवड्यांपूर्वी तडा अगदी लहान असताना कुणा मदतनीसाने त्याच्यात झटपट चिकटणाऱ्या डिंकाचे थेंब सोडले होते. दुधाळपणा भोकापासून पंधराएक मिलिमीटरवर संपत होता आणि त्यापुढे तडा स्वच्छ होता. म्हणजे डिंक घातल्यानंतरही तडा आपल्या वाटेने पुढे चालतच राहिला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं ते झालं. असा डिंक ॲक्रिलिकवर ठिसूळ बसतो आणि ताणाखाली असलेल्या पृष्ठाला तोच बारीक चिरा पाडू शकतो.

टोक सापडल्यावर बाहेरून ग्रीज पेन्सिलने बारीक टिंब दिलं आणि कॅनोपी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी टोक टिंबापाशीच होतं. फ्रेमवर बसलेली असतानाही, एका ठरावीक तापमानाला तडा स्थिर होता, हे पुढच्या कामासाठी कळणं गरजेचं होतं.

कारण

कॅनोपी बसवली तेव्हा कार्यशाळेत साधारण 30 अंश तापमान होतं असं मालकांच्या बांधणीच्या वहीत लिहिलेलं होतं. अशा नोंदी ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, निम्मं निदान त्या वहीनेच केलं. स्क्रू 3.5 मिलिमीटरचे होते आणि भोकं 4 मिलिमीटरची. म्हणजे स्क्रू अगदी मधोमध असला तरी प्रत्येक बाजूला मोकळीक अवघी पाव मिलिमीटर.

आता हिशोब मांडू. कॅनोपी पुढच्या कमानीशी घट्ट धरलेली होती आणि तडा गेलेलं भोक तिथून सुमारे 600 मिलिमीटर मागे होतं. 30 अंशांवरून उणे 5 म्हणजे 35 अंशांची घट. तेवढ्या घटीत 600 मिलिमीटर ॲक्रिलिक साधारण 1.5 मिलिमीटर आकसतं, तेवढंच ॲल्युमिनियम सुमारे 0.5. फरक 1 मिलिमीटरचा, जागा पाव मिलिमीटरची. उरलेले पाऊण मिलिमीटर भोकाच्या कडेने स्क्रूवर रेटत काढले. भोकाच्या एका बाजूला ताण साचला, तिथून कडेपर्यंतचा 12 मिलिमीटरचा भाग आधी उलला आणि मग तडा आत वळला. थंडीत, रात्री, विमान उभं असताना असे तडे वाढलेले सापडतात याचं कारण हेच. उड्डाणातल्या धक्क्याला दोष देणं सोपं असतं, पण इथे तशी गरजच नव्हती.

शेजारच्या दोन भोकांभोवती आणखी एक गोष्ट सापडली. तिथे तडा नव्हता, पण भोकाच्या कडेने केसांहून बारीक, चकाकणाऱ्या चिरांची जाळी होती. वेगवेगळ्या कोनांतून पाहिलं तरच ती झळकते. त्या स्क्रूंच्या आट्यांवर लालसर सुकलेला पदार्थ होता: स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचं थ्रेडलॉकर. धातूत ते उत्तम काम करतं, पण ओलं असताना ॲक्रिलिकला लागलं की ताणाखालच्या भागाला चिरा पाडतं. ॲसिटोन, लॅकर थिनर, पेट्रोल आणि अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव यांच्याबाबतीतही तेच. ॲक्रिलिकवर नुसतं रसायन पडलं तर कधी काही दिसत नाही, नुसता ताण असला तरी ते बराच काळ तग धरतं, पण दोन्ही एकत्र आले की काही मिनिटांत जाळी उमटते.

स्क्रू कसेही पिळून घट्ट केलेले होते हेही लिहून ठेवतो. मोकळीक ठेवली तरी वॉशरने ॲक्रिलिक करकचून दाबलं तर घर्षणच त्याला हलू देत नाही. अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेचं, एसी 43.13-1बी हे 1998 चं पत्रक दुरुस्तीच्या कामात जगभर चाळलं जातं. पारदर्शक प्लास्टिक बसवताना नट नीट बसेपर्यंत आवळून मग पूर्ण एक फेरा मागे घ्यावा, असं ते सांगतं. धातूवर काम करायची सवय असलेल्या हाताला हे चुकीचं वाटतं, तरी ते तसंच करायचं.

दुरुस्ती की नवी कॅनोपी

त्याच पत्रकाचा आणखी एक सल्ला मी प्रत्येक मालकाला आधी सांगतो: मोठं नुकसान झालेला पारदर्शक भाग शक्य असेल तिथे दुरुस्त करण्याऐवजी बदलावा, कारण कितीही काळजीने जोडलेला भाग नजरेला किंवा ताकदीला नव्याच्या बरोबरीचा होत नाही. वैमानिकाच्या समोरच्या दृष्टिक्षेत्रात तडा असता तर मी या प्रकरणात दुरुस्तीचा विचारही केला नसता. उन्हाच्या तिरिपीत सांध्याची रेघ चमकते आणि उतरताना नेमकं त्याच क्षणी समोरचं दिसेनासं होतं.

इथे तडा वैमानिकाच्या खांद्याच्या मागे होता, खालच्या कडेजवळ, आणि त्याचा बराचसा भाग फायबरग्लासच्या पट्टीखाली झाकला जाणारा होता. कारण निश्चित कळलं होतं आणि ते काढून टाकता येण्याजोगं होतं. बाकी कॅनोपी निरोगी होती. या चार गोष्टी एकत्र नसत्या तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. शेजारच्या भोकांभोवतीची जाळी मात्र मला खटकत होती. म्हणून ठरलं ते असं: दुरुस्ती करायची, वेगावर मर्यादा घालायची, दर उड्डाणाआधी तो कोपरा बघायचा आणि नव्या कॅनोपीची मागणी आताच नोंदवायची. नवी कॅनोपी कापून बसवणं हेही जोखमीचंच काम असतं, ते घाईत, भर थंडीत उरकायची वेळ येऊ नये म्हणून हा मधला अवधी.

स्वतः बांधलेलं विमान असल्याने मालकांना हे काम करायची मुभा होती, तरीही आराखडा देणाऱ्यांशी पत्रव्यवहार करून भोकांचा आकार वाढवायला लेखी होकार घेतला. प्रमाणित विमान असेल तर निर्मात्याची देखभाल पुस्तिका आधी उघडायची आणि परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय पान पुढे उलटायचं नाही.

आतून-बाहेरून ॲक्रिलिकचं ठिगळ लावायचा पर्याय मालकांनी सुचवला होता. तो मी सोडून दिला. आतल्या बाजूला फ्रेमची नळी येत होती, बाहेर पट्टी. शिवाय ठिगळ तिथला भाग ताठ करतं आणि ठिगळाच्या कडेला ताणाची नवी पायरी तयार होते. ठिगळ लावायचंच असेल तर ते कॅनोपीच्या वळणाप्रमाणे गरम करून आकाराला आणावं लागतं, त्याचे कोपरे गोल आणि कडा उतरत्या करून घ्याव्या लागतात. सपाट पट्टी दाबून वाकवून चिकटवली तर सांध्यात कायमचा ताण कोंडला जातो.

काम

पहिलं काम मोकळीक. मागच्या कडेचे सगळे स्क्रू काढले. तड्याची फट किंचित बदलली, अगदी नखाच्या टोकाला जाणवेल इतकी. हीच त्याची नैसर्गिक, ताण नसलेली स्थिती. पुढचं सगळं काम याच स्थितीत, 22-23 अंशांच्या खोलीत केलं. क्लॅम्पने फट मिटवून मग चिकटवायचा मोह अनेकांना होतो. तसं केलं की क्लॅम्प काढल्याक्षणी तो सांधा स्वतःच्याच ताणाखाली जगायला लागतो.

मग टोकाचं भोक. ते का पाडायचं हे आकड्यांत पाहिलं की पटतं. ब्रिटिश अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी 1913 मध्ये दाखवून दिलं की खाचेच्या टोकाशी ताण किती पटीने वाढेल हे खाचेची खोली आणि टोकाची त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरतं. 50 मिलिमीटर खोल तडा आणि टोकाची त्रिज्या एक शतांश मिलिमीटर धरली तर ताण साधारण 140 पट होतो. त्याच टोकाला 3 मिलिमीटर व्यासाचं भोक पाडलं की त्रिज्या दीड मिलिमीटर होते आणि ताण बारा-तेरा पटींवर येतो. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण खरं आहे. 6 मिलिमीटरचं भोक पाडलं तर नऊ पट, म्हणजे मोठ्या भोकाने फायदा फार वाढत नाही, कड उडायचा धोका मात्र वाढतो. आणि बारा पट हा ताणही काही कमी नाही. भोक पाडलं म्हणजे तडा बरा झाला असं मानून वर्षानुवर्षं उडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

धातूसाठीचं ड्रिल बिट ॲक्रिलिकसाठी तसंच वापरायचं नसतं. त्याची धार पदार्थात रुतून पुढे ओढली जाते आणि पलीकडे बाहेर पडताना टवका काढते. टोकाचा कोन 118 ऐवजी 60 ते 90 अंशांच्या दरम्यान घासून घ्यायचा आणि कापणाऱ्या ओठांची पुढची बाजू दगडावर हलकेच सपाट करायची, म्हणजे बिट कापण्याऐवजी खरवडतं. मालकांकडे बांधणीच्या वेळी कापलेल्या याच कॅनोपीच्या पट्ट्या जपून ठेवलेल्या होत्या. त्यांच्यावर आधी सराव केला. बिट बरोबर घासलेलं असेल तर पांढरा चुरा आणि आखूड साल शांतपणे वर येत राहते. कर्रकन आवाज आला किंवा बिट स्वतःहून आत ओढलं गेलं की थांबून पुन्हा घासायचं.

प्रत्यक्ष भोकासाठी हाताने फिरवायचं ड्रिल घेतलं, आतून लाकडी ठोकळा घट्ट टेकवला, साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. आधी दीड मिलिमीटर, मग 3. मध्य आतल्या बाजूच्या टोकाच्या किंचित पुढे, जेणेकरून दोन्ही पृष्ठांवरची टोकं भोकाच्या पोटात यावीत. शेवटचे काही फेरे जवळजवळ वजन न देता. मग पुन्हा टॉर्च, पुन्हा अंधार. चांदीची पाती भोकाच्या भिंतीशी येऊन थांबलेली दिसली आणि पलीकडे काही नव्हतं. ही खात्री होईपर्यंत पुढे जायचं नाही, कारण टोक भोकाबाहेर राहिलं तर बाकी सगळी मेहनत वाया.

भोकाच्या दोन्ही कडा हाताने हलक्या उतरवल्या आणि बारीक काडीला वॉटर पेपर गुंडाळून, आधी 600, मग 1000, आतली भिंत गुळगुळीत केली. ड्रिलच्या वळ्या तशाच राहिल्या तर प्रत्येक वळी ही पुढच्या तड्याची जन्मजागा असते.

त्यानंतर मागच्या कडेची सगळी भोकं 4 वरून 6 मिलिमीटर केली, पायऱ्यांच्या ड्रिलने, जे एकेक पायरी खरवडत जातं आणि रुतत नाही. जाळी पडलेल्या दोन भोकांभोवतीचा बहुतेक बाधित भाग या रुंदीकरणात निघून गेला, सगळा नाही. एका भोकाच्या वरच्या बाजूला जाळीचा थोडा भाग उरला. तो बाहेरून पेन्सिलने वेढून ठेवला. तडा गेलेलं भोक मात्र आता रुंद केलं नाही, ते सांध्यानंतर.

सांधा

आता कुठे मालकांच्या मूळ प्रश्नाची वेळ आली. ॲक्रिलिकसाठी दोन जातींचे सिमेंट प्रचलित आहेत. एक पाण्यासारखं पातळ, द्रावकाचं, बहुधा डायक्लोरोमिथेन असलेलं. फटीच्या तोंडाशी लावलं की ते आपोआप आत ओढलं जातं आणि दोन्ही भिंती विरघळवून एकजीव करतं. नवीन कापलेल्या, ताण नसलेल्या तुकड्यांना ते छान आहे. तड्यात मात्र ते सरळ टोकाकडे धावतं आणि टोकाशी ताण असेल तर वर सांगितलेला रसायन आणि ताणाचा संगम तिथेच घडतो. मी तड्यात पातळ द्रावक सोडल्यावर डोळ्यांदेखत चिरा फुटताना पाहिल्या आहेत. दुसरी अडचण आरोग्याची: डायक्लोरोमिथेनची वाफ विषारी असते आणि हवेहून जड, त्यामुळे कॉकपिटमध्ये ती तळाशी साचून राहते. कॅनोपी उतरवून काम करायचं एक कारण तेही.

दुसरी जात दोन घटकांच्या सिमेंटची. मोनोमरमध्ये, म्हणजे ज्याच्यापासून ॲक्रिलिक बनतं त्या द्रवात, विरघळलेलं ॲक्रिलिक आणि त्यात मिसळायचं, ते घट्ट करणारं पेरॉक्साइडचं द्रव्य. हे मिश्रण फटीत घट्ट होतं तेव्हा जवळजवळ मूळ पदार्थच तयार होतो, त्यामुळे तापमानाला तो सांधाही कॅनोपीइतकाच हलतो. इपॉक्सीला हे साधत नाही. या कामासाठी हीच जात निवडली.

डिंकाने दुधाळ झालेला भाग तसाच ठेवून त्यावर काहीही धरलं नसतं. म्हणून तड्यावर बाहेरून व्ही आकाराची खाच घेतली, जाडीच्या सुमारे दोन तृतीयांश खोल, हाताने ओढायच्या खरवडणीने. कडेपासून सुरू करून टोकाच्या भोकाच्या अलीकडे थांबलो. दुधाळ पापुद्रे निघाले, खाली स्वच्छ ॲक्रिलिक लागलं. आतल्या बाजूने पारदर्शक पॉलिस्टरची टेप लावून तळ बंद केला. साध्या कागदी टेपचा गोंद मोनोमरमध्ये विरघळून सांध्यात उतरतो, ती वापरू नये. टोकाचं भोक मेणाने बुजवून मोकळं राखलं. ते भरायचं नाही, त्याचं काम रिकामं राहण्यातच आहे.

मोनोमर घट्ट होताना बराच आकसतो, शुद्ध मिथाइल मेथॅक्रिलेट तर आकारमानाने सुमारे 20 टक्के. सिमेंटमध्ये आधीच विरघळलेलं ॲक्रिलिक असल्याने आकसणं त्याहून कमी, तरी नजरेत भरण्याइतकं. म्हणून खाच एकदम काठोकाठ भरली नाही. पहिला थर, तो घट्ट झाल्यावर दुसरा, आणि शेवटचा पृष्ठापेक्षा उंच. मिश्रण ढवळताना हवा कोंडू नये म्हणून हात सावकाश, आणि ओतण्याआधी बुडबुडे वर येऊ द्यायला थोडा वेळ. त्यानंतर पूर्ण एक दिवस कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मूळ भोक 6 मिलिमीटर केलं. सगळ्या स्क्रूंना नायलॉनचे बुश (स्क्रूभोवती बसणाऱ्या आखूड नळ्या), खाली-वर मऊ वॉशर आणि मागून नायलॉनची कडी असलेले स्वतः अडकणारे नट बसवले. थ्रेडलॉकर पूर्णपणे बाद. नट टेकवून एक फेरा मागे. पट्टी बसवल्यावर बोटाने दाबून कॅनोपी किंचित सरकते का ते पाहिलं. सरकत होती.

घासणं आणि चकाकी आणणं यावर फार लिहिण्यासारखं नाही. पाण्यात बुडवलेला वॉटर पेपर रबरी ठोकळ्यावर, सरळ फेऱ्या, प्रत्येक पुढच्या नंबरला दिशा काटकोनात, मागची रेघ पुरती गेल्याशिवाय पुढचा नंबर नाही. मग मायक्रो-मेशचे कापडी पेपर 12000 पर्यंत. एक सूचना जरूर: मायक्रो-मेशचे आकडे साध्या वॉटर पेपरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. मायक्रो-मेशचा 1500 हा साध्या 1500 पेक्षा बराच खरबरीत असतो, त्यामुळे एका मालिकेतून दुसरीत उडी मारताना नुसता आकडा बघू नये. विजेवर फिरणारं बफ वापरलं नाही, त्याच्या उष्णतेने पृष्ठभाग मऊ पडून लाटा येतात आणि नवा ताणही शिरतो.

त्यानंतर

लॉगबुकात तड्याची लांबी, टोकाच्या भोकाची जागा, सिमेंटची जात, भोकांचे नवे आकार, कामाच्या वेळचं तापमान आणि वेगमर्यादा हे सगळं नोंदवलं. पुढच्या माणसाने काय बघायचं तेही लिहिलं: टोकाच्या भोकाच्या पुढच्या भिंतीवर नवी चांदीची रेघ, सांध्याच्या कडेने उठणारा पापुद्रा आणि पेन्सिलच्या वेढ्याबाहेर गेलेली जाळी. यातलं काहीही दिसलं तर उड्डाण नाही, दुसऱ्यांदा भोक पाडणं नाही, थेट कॅनोपी बदलायची.

पहिल्या गार रात्रीनंतर मालकांनी पहाटे टॉर्च लावून पाहिलं. टोकाचं भोक स्वच्छ होतं. मागच्या कडेला स्क्रूंच्या वॉशरपाशी ॲक्रिलिक सरकल्याची पुसट खूण दिसत होती, साधारण एक मिलिमीटरची, हिशोबाशी जुळणारी. थंडी संपेपर्यंत तडा होता तिथेच राहिला. उरलेली जाळी मात्र थोडी पसरली आणि तिच्यातल्या एका चिरेने पेन्सिलची रेघ ओलांडली. ठरल्याप्रमाणे विमान त्या दिवशी उभं केलं. नवी कॅनोपी तोवर आली होती. तिची मागची सगळी भोकं पहिल्यापासूनच 6 मिलिमीटरची पाडली, आणि कापाकापी उबदार खोलीत केली. थ्रेडलॉकरची बाटली मालकांनी कॅनोपीच्या कामाच्या कपाटातून हलवून इंजिनाच्या कपाटात ठेवली आहे.